टीसीई गेला, पण इथीन आलं का?

भूजलातला टीसीई (ट्रायक्लोरोइथिलीन, एक क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट) नव्वद टक्क्यांनी उतरला, असा आलेख कुणी समोर ठेवला की मी आधी विचारतो, "व्हिनाइल क्लोराइड किती आहे?" आणि पाठोपाठ, "इथीन मोजलंय का?" या दोन आकड्यांशिवाय तो आलेख अर्धवट असतो. कधीकधी तर दिशाभूल करणारा.

क्लोरीनयुक्त सॉल्व्हंटचं प्रदूषण जिवाणूंकरवी साफ करून घेण्याची पद्धत आता चांगली रुळलेली आहे. पण "जिवाणू सोडले, काम झालं" इतकं ते सोपं नाही. जिवाणू शेवटची मजुरी करतात. त्यांना जागा, खाणं आणि हवा (खरं तर हवेचा अभाव) पुरवणं हे आपलं काम, आणि प्रकल्प फसतात ते बहुधा इथेच. भूजल सफाईचं काम प्रत्यक्ष करणाऱ्यांसाठी किंवा करून घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

आधी साखळी पाहू

कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगमध्ये पीसीई (टेट्राक्लोरोइथिलीन) वापरतात आणि धातूच्या भागांवरचं ग्रीस काढायला टीसीई. पीसीईच्या रेणूत चार क्लोरीन, टीसीईत तीन. ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात काही जिवाणू यातला एकेक क्लोरीन काढून त्या जागी हायड्रोजन बसवतात. पीसीईचा होतो टीसीई, टीसीईचा सिस-डीसीई (सिस-डायक्लोरोइथिलीन, पुढे नुसतं डीसीई), त्याचं व्हिनाइल क्लोराइड आणि शेवटी इथीन. इथीन हा क्लोरीन नसलेला, तुलनेनं निरुपद्रवी वायू.

गोची शेवटून दुसऱ्या पायरीवर आहे. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक मर्यादा टीसीईला लिटरमागे ८ मायक्रोग्रॅम आहे आणि व्हिनाइल क्लोराइडला ०.३. माणसात कर्करोग घडवणारे म्हणून दोन्ही सिद्ध झालेले आहेत. म्हणजे साखळी मध्येच तुटली तर आधीपेक्षा वाईट पाणी आपण आपल्याच हातानं तयार केलेलं असतं.

डीसीईपर्यंत पोहोचवणारे जिवाणू अनेक आहेत: जिओबॅक्टर, डिसल्फिटोबॅक्टेरियम, डीहॅलोबॅक्टर वगैरे. तिथून पुढे इथीनपर्यंत नेणारे मात्र मोजके, आणि त्यात मुख्य डीहॅलोकोकॉइडीस. १९९७ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी सांडपाणी प्रक्रिया केंद्रातल्या गाळातून तो पहिल्यांदा वेगळा केला. आकार जेमतेम अर्धा मायक्रॉन, चकतीसारखा. जगण्याच्या अटी मात्र कडक. ऊर्जेसाठी याला फक्त हायड्रोजन चालतो, कार्बनसाठी अ‍ॅसिटेट लागतं, आणि बी-१२ जीवनसत्त्व स्वतः बनवता येत नसल्यामुळे ते शेजारच्या जिवाणूंकडून घ्यावं लागतं. आपण ऑक्सिजनवर श्वास घेतो तसा हा क्लोरीनच्या संयुगांवर घेतो. त्यामुळे तो एकटा जगत नाही, सगळी वस्तीच जोपासावी लागते.

पायरी १: जमीन वाचा

टीसीई पाण्यापेक्षा जवळपास दीडपट जड. तो गळाला की भूजलाच्या पातळीवर थांबत नाही, खाली उतरत राहतो, चिकणमातीच्या थरावर साचतो आणि वर्षानुवर्षं त्या मातीत मुरतो. म्हणून पहिला प्रश्न: सॉल्व्हंट नेमका कुठे आहे? द्रवरूपात साचलेलं डबकं असेल तर आधी ते उपसून किंवा तापवून काढण्याचा विचार करा. जिवाणूंची ताकद आहे विरघळलेल्या प्लूमवर (पाण्याबरोबर पुढे पसरलेल्या प्रदूषणाच्या पट्ट्यावर) आणि उरल्यासुरल्या साठ्यावर.

दुसरा प्रश्न पाण्याच्या वेगाचा. हे गणित कागदावर दोन मिनिटांत होतं, तरी ते न करता निरीक्षण विहिरी खोदलेल्या मी पाहिल्यात. समजा वाळूच्या थराची पारगम्यता दिवसाला ५ मीटर, पाणीपातळीचा उतार ०.००४ आणि सच्छिद्रता ०.२५. तर पाण्याचा वेग ५ × ०.००४ ÷ ०.२५, म्हणजे दिवसाला ०.०८ मीटर, वर्षाला सुमारे २९ मीटर. आता इंजेक्शनच्या ओळीपासून (जिथून जिवाणूंचं खाद्य जमिनीत सोडतो तिथून) १५ मीटर पुढे विहीर घेतलीत, तर साफ झालेलं पाणी तिथे पोहोचायलाच सहा महिने लागतील. टीसीई मातीला चिकटत जातो, त्यामुळे तो त्याहून सावकाश सरकतो. तिसऱ्या महिन्यात "काहीच फरक नाही" म्हणून ओरड करण्यात अर्थ नाही. एक विहीर ओळीपासून दोन-तीन मीटरवर घ्या, म्हणजे वाट पाहणं सुसह्य होतं.

पायरी २: पाण्याची तब्येत तपासा

नमुना घेण्यातच अर्धी बाजी असते. मोठ्या पंपानं विहीर ढवळून काढली तर पाण्यात हवा मिसळते, वायू उडून जातात आणि गाळ उठतो. मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर इतक्या संथ गतीनं उपसा, पाणीपातळी फार उतरू देऊ नका, आणि सामू, विद्युतवाहकता, विरघळलेला ऑक्सिजन व रेडॉक्स (पाणी ऑक्सिडीकरणाकडे झुकलंय की क्षपणाकडे, हे सांगणारा विद्युतदाब) यांची दर तीन-पाच मिनिटांनी नोंद करा. सलग तीन नोंदी जुळल्या की बाटली धरा. सॉल्व्हंटसाठीची ४० मिलिलिटरची कुपी काठोकाठ भरायची, तोंडावर पाण्याचा फुगवटा येऊ द्यायचा आणि मग झाकण लावायचं. कुपी उलटी करून टिचकी मारा. आत बुडबुडा दिसला तर तो नमुना टाकून दुसरा घ्या.

ऑक्सिजन लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या खाली आणि रेडॉक्स उणे १०० मिलिव्होल्टच्या खाली हवा. उणे २०० असेल तर उत्तम. सामू ६.५ ते ७.५ मध्ये डीहॅलोकोकॉइडीस खुशीत असतो, ६ च्या खाली तो जवळपास संपावर जातो. नायट्रेट, सल्फेट, विरघळलेलं लोह, मिथेन, इथीन, एकूण सेंद्रिय कार्बन आणि क्षारता (आम्ल पचवण्याची पाण्याची कुवत) हेही मोजा. क्लोरोफॉर्म आणि १,१,१-ट्रायक्लोरोइथेन यांची चौकशी न विसरता करा. हे दोघे सोबत असतील तर व्हिनाइल क्लोराइडची पायरी अडते, आणि मग जिवाणूंना खाद्य कितीही ओतलं तरी उपयोग नाही.

जिवाणू आहेत का, हे क्यूपीसीआर चाचणी सांगते. पाणी बारीक गाळणीतून गाळून तिच्यावर उरलेल्या पेशींचा डीएनए मोजतात. लिटरमागे सुमारे १ कोटी डीहॅलोकोकॉइडीस असतील तर उपयुक्त वेगाची आशा धरता येते. पण नुसत्या नावावर जाऊ नका. या जातीच्या सगळ्याच वाणांना व्हिनाइल क्लोराइडवर जगता येत नाही. ती कुवत देणारी जनुकं, व्हीसीआर-ए आणि बीव्हीसी-ए, वेगळी मोजून मागा. प्रयोगशाळा बिलात ती वेगळी लावते म्हणून अनेक जण गाळतात, आणि नेमकी तीच माहिती पुढे लागते.

पायरी ३: बाटलीत करून पाहा

जागा लहान असेल आणि पाण्याची लक्षणं स्पष्ट असतील तर ही पायरी वगळली तरी चालेल. मोठ्या कामात वगळू नका.

जागेवरची माती आणि भूजल ऑक्सिजनविरहित पेटीत काचेच्या बाटल्यांत भरायचं. चार गट करायचे: निर्जंतुक केलेला, नुसता, खाद्य घातलेला, खाद्य आणि जिवाणू दोन्ही घातलेला. प्रत्येकी तीन बाटल्या. त्या भूजलाच्याच तापमानाला, अंधारात ठेवायच्या. मी त्यात थोडं रिसाझुरिन घालतो. ऑक्सिजनचा अंश असेपर्यंत पाणी गुलाबी राहतं. खाद्य घातलेल्या बाटल्यांचा गुलाबी रंग उतरत पाणी नितळ होतं, आणि त्याच ओळीतली निर्जंतुक बाटली गुलाबीच राहते. काही आठवड्यांनी लोहाच्या सल्फाइडमुळे माती काळी पडायला लागते. यंत्राच्या आकड्याआधी बाटल्यांची ही रांगच बरंच सांगून जाते.

तिसरा गट डीसीईवर अडला आणि चौथा इथीनपर्यंत गेला, तर जिवाणू बाहेरून आणावे लागतील. दोन्ही अडले तर जिवाणू आणून फायदा नाही. सामू किंवा एखादं विषारी संयुग आडवं येतंय, ते आधी शोधा.

पायरी ४: खाद्य किती आणि कोणतं

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून थोडं सावकाश.

डीहॅलोकोकॉइडीसला हायड्रोजन हवा, पण आपण हायड्रोजन सोडत नाही. आंबणारा सेंद्रिय पदार्थ सोडतो, आणि तो आंबवणारे इतर जिवाणू हायड्रोजन तयार करतात. त्या हायड्रोजनवर नजर ठेवून बरेच जण बसलेले असतात. १ मिलिग्रॅम हायड्रोजन साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन, १२ मिलिग्रॅम नायट्रेट, १२ मिलिग्रॅम सल्फेट किंवा २२ मिलिग्रॅम टीसीई फस्त करतो. आता एक पाणी घ्या: ऑक्सिजन ४, नायट्रेट १२, सल्फेट १२० आणि टीसीई १.३ मिलिग्रॅम प्रति लिटर. हायड्रोजनची गरज अनुक्रमे ०.५, १, १० आणि ०.०६ मिलिग्रॅम. एकूण साडेअकराच्या आसपास, आणि त्यात टीसीईचा वाटा अर्धा टक्का!

म्हणजे पंगत सल्फेटची आहे, टीसीई कोपऱ्यातला पाहुणा. नुसत्या टीसीईवरून खाद्याचा हिशेब मांडला की पहिल्या काही दिवसांतच ताट रिकामं होतं. शिवाय मातीतलं लोह, मँगनीज आणि मिथेन बनवणारे जीव आहेतच. म्हणून आलेल्या आकड्याला दोन ते चारनं गुणण्याची पद्धत आहे. त्याहून जास्त गुणू नका. जादा खाद्यानं आम्ल साचतं, सामू पडतो आणि मिथेनचा पूर येतो.

सोडियम लॅक्टेट पाण्यासारखं पसरतं आणि लगेच लागू पडतं, पण काही आठवड्यांत संपतं. मळी स्वस्त असली तरी ती भराभर आंबते आणि सामू खाली ओढते. क्षारता कमी असलेल्या पाण्यात मी तिच्या वाटेला जात नाही. इमल्सिफाइड वनस्पती तेलाचे मायक्रॉनभर थेंब मातीच्या कणांना चिकटून राहतात आणि दोन-तीन वर्षं हळूहळू हायड्रोजन देतात. ही संथ गती फायद्याची आहे, कारण हायड्रोजन फार कमी असतानाही डीहॅलोकोकॉइडीस तो टिपू शकतो, मिथेनवाल्यांना तितकं जमत नाही. माझी पसंती तेल आणि त्यात सुरुवातीच्या धक्क्यापुरतं थोडं लॅक्टेट, याला. सामू ६.५ च्या खाली असेल तर सोबत सोडियम बायकार्बोनेट. त्याचं प्रमाण पुस्तकातून उचलू नका, जागेवरच्या मातीला किती लागतं ते बाटलीत मोजा.

पायरी ५: जमिनीत सोडणं

प्रवाहाला आडवी इंजेक्शनच्या बिंदूंची रांग लावली की तिची जैविक भिंत होते. पाणी आपसूक तिच्यातून जातं. एका बिंदूतून दीड मीटर त्रिज्येपर्यंत, ३ मीटर जाडीच्या थरात मिश्रण पोहोचवायचं म्हटलं तर ०.२५ सच्छिद्रतेला सुमारे ५,३०० लिटर लागतं. मिनिटाला ८ लिटर या दरानं अकरा तास. संध्याकाळ होत आली की पंपाचा दाब वाढवायचा मोह होतो. तो टाळा. जास्त दाबानं जमीन फाटते, मिश्रण त्या एका फटीतून धावतं आणि बाकीचा थर उपाशी राहतो. कधी दहा पावलांवर जुन्या बोअरच्या कडेनं पांढरंशुभ्र पाणी वर येतं. तसं दिसलं की पंप बंद, दुसऱ्या बिंदूवर चला.

मिश्रणासाठी नळाचं पाणी सरळ वापरू नका. त्यात जंतुनाशक क्लोरीन असतो आणि भरपूर ऑक्सिजनही. जागेवरचंच भूजल सगळ्यात बरं.

पायरी ६: जिवाणू सोडणं

गरज असेल तरच, आणि खाद्य सोडल्यानंतर काही आठवडे थांबून. रेडॉक्स उतरला, लोह विरघळायला लागलं, मिथेन दिसायला लागलं की जमीन तयार झाली असं समजा. ऑक्सिजन लागला की डीहॅलोकोकॉइडीस निकामी होतो, म्हणून कल्चर (वाढवून तयार केलेले जिवाणू) पोलादी टाकीत नायट्रोजन किंवा आर्गॉनच्या आवरणाखाली येतं. नळी आधी वायूनं धुऊन घ्या, तिचं टोक पाण्याखाली ठेवा आणि वायूच्या हलक्या दाबानं कल्चर ढकला. मागोमाग ऑक्सिजन काढलेलं पाणी सोडा.

मग धीर धरा. अमेरिकेतल्या डोव्हर हवाई तळावरचा प्रयोग या विषयात नेहमी सांगितला जातो. तिथे नुसत्या खाद्यावर टीसीई डीसीईपर्यंत आला आणि २६९ व्या दिवसापर्यंत त्याच्या पुढे गेला नाही. दुसऱ्या जागेवरचं कल्चर आणून सोडलं, त्यानंतरही सुमारे तीन महिने काहीच घडलं नाही. मग व्हिनाइल क्लोराइड आणि इथीन दिसू लागलं आणि ५०९ व्या दिवसापर्यंत सगळ्याचं इथीन झालं होतं. मधल्या त्या तीन महिन्यांत कुणी घाबरून पुन्हा खोदकाम सुरू केलं असतं, तर?

पायरी ७: मोजणी मोलमध्ये

एका कामात मी स्वतः फसलो. तेल सोडून तीन महिने झाले आणि टीसीई ८० टक्के खाली. मी आनंदात अहवाल लिहून टाकला. सोबत काम करणाऱ्या मुलीनं तो वाचला आणि एवढंच विचारलं, "सर, पण डीसीई कुठंय?" डीसीई वाढलेलाच नव्हता. टीसीई तुटला नव्हता, तेलात विरघळून बसला होता. तेल संपत गेलं तसा तो परत बाहेर आला. त्याशिवाय मी नमुने घेतले होते ते इंजेक्शनच्याच विहिरीतून, जिथे आम्हीच हजारो लिटर पाणी ओतलेलं!

म्हणून मायक्रोग्रॅमचे आकडे मायक्रोमोलमध्ये बदला, म्हणजे वजनाऐवजी रेणूंची संख्या मोजली जाते. रेणुभारानं भागायचं: टीसीई १३१.४, डीसीई ९६.९, व्हिनाइल क्लोराइड ६२.५, इथीन २८. सुरुवातीला टीसीई १,३१४ मायक्रोग्रॅम, म्हणजे १० मायक्रोमोल. वर्षानं टीसीई १३१, डीसीई ५८१, व्हिनाइल क्लोराइड १२५, इथीन २८ मायक्रोग्रॅम. म्हणजे अनुक्रमे १, ६, २ आणि १ मायक्रोमोल. बेरीज १०, हिशेब जुळला. काहीही हरवलेलं नाही, जितका टीसीई घटला तितक्याचं रूपांतर झालेलं आहे. दर रेणूमागे क्लोरीन किती उरले, तेही काढा: ३ + १२ + २ = १७, भागिले १०, म्हणजे १.७. सुरुवात ३ वरून झाली होती. हा एक आकडा दर तिमाहीला उतरत शून्याकडे जातोय का, ते पाहा. टीसीईचा आलेख देखणा असूनही हा आकडा २ वर ठाण मांडून बसला, तर काम डीसीईवर अडलंय.

इथीन वायू आहे, पुढे त्याचंही विघटन होतं, त्यामुळे बेरीज थोडी कमी भरणं समजण्यासारखं. मोठी तूट असेल तर पाणी मिसळून सौम्य झालंय की खरंच तुटलंय, हे कार्बनच्या समस्थानिकांवरून कळतं. जिवाणू हलक्या कार्बनचे बंध आधी तोडतात, त्यामुळे उरलेल्या टीसीईत जड कार्बनचं प्रमाण वाढत जातं. नुसत्या पाण्यानं सौम्य झालेल्या टीसीईत असा फरक पडत नाही.

अडलं तर

आधी सामू बघा. मग सेंद्रिय कार्बन. तो लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या खाली गेला असेल तर खाद्य संपलंय. मग जनुकांची मोजणी. या क्रमानं गेलं की बहुतेक वेळा तिसऱ्याच्या आत उत्तर सापडतं. खाद्य, सामू, जनुकं सगळं ठीक असून व्हिनाइल क्लोराइड हलत नसेल, तर क्लोरोफॉर्मकडे वळा. प्लूमच्या टोकाला, जिथे पाण्यात पुन्हा ऑक्सिजन मिसळतो, तिथे ऑक्सिजनवर जगणारे वेगळे जिवाणू व्हिनाइल क्लोराइड खाऊ शकतात, पण त्या भरवशावर राहायचं तर तिथल्या विहिरीतले आकडे हातात हवेत.

सुरक्षितता

मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असेल तर ठिणगीनं भडकतो, आणि व्हिनाइल क्लोराइड मातीतून वर झिरपत इमारतीत शिरू शकतं. जवळ तळघर किंवा बंद खोली असेल तर मातीतल्या वायूची तपासणी पहिल्या महिन्यापासून ठेवा. विहिरीचं झाकण उघडताना वायुमापक हातात, विडी-सिगारेट लांब. ऑक्सिजन गेल्यावर मातीतलं लोह, मँगनीज आणि कधी अर्सेनिकही पाण्यात उतरतं. प्रवाहाच्या पुढे पिण्याची विहीर असेल तर ही यादीही तपासणीत घाला.

थांबायचं कधी

खाद्य असेपर्यंत आकडे चांगलेच दिसतात. खरी परीक्षा ते संपल्यावर होते. वर्षानुवर्षं चिकणमातीत मुरलेला टीसीई वाळूतलं पाणी स्वच्छ झालं की हळूहळू उलट बाहेर यायला लागतो. म्हणून खाद्य थांबवल्यावर किमान वर्षभर, पाणीपातळीच्या चढ-उताराचे सगळे ऋतू पाहून, नमुने घ्या. आणि चिकणमातीच्या थरातून एक-दोन गाभे (मातीचे उभे, नळीतले नमुने) काढून दर काही सेंटिमीटरवरची माती लगेच मिथेनॉल भरलेल्या कुपीत टाका; उघड्यावर ठेवलेल्या गाभ्यातून सॉल्व्हंट उडून जातो आणि खोटी स्वच्छता दिसते. त्या गाभ्यात आकडे मोठे आले, तर तेलाची पुढची फेरी कोणत्या वर्षी घ्यायची, ते आत्ताच ठरवून खर्चात धरून ठेवा.